खंडेनवमीचं कुलूप

“आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणून मी येडगेच्या गिरणीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर मांडी घातली. “बसायलाही नको. मी स्वतः तिथं नसतो तर माझाही बसला नसता.”

“कुठली काका? सापानं रेडिओ लावला ती, का कुलपाची?” येडगेनं विचारलं.

“कुलपाची.”

“मग बसेल. ती आम्हाला पाठ आहे.”

ही सकाळ तीन वर्षांपूर्वीची. बार्शीत तेव्हा गुरुवारी वीज गेली की दुपारीच यायची, आणि दळण घेऊन आलेल्यांना बसून राहण्यावाचून उद्योग नसायचा. डब्यांची रांग भिंतीकडेनं लागलेली. येडगे बंद पट्ट्याशेजारी उभा, भुवयांवर पीठ. दारातल्या पोत्यावर लतीफभाई. तीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडून निवृत्त झालेला हा माणूस दर गुरुवारी सुनेनं दिलेला डबा घेऊन बरोबर वीज जायच्या वेळेला हजर व्हायचा. का, ते मला माहीत होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आत चाळणीजवळ एक बाई ओढणीनं तोंड गुंडाळून बसली होती. पीठ उडतं म्हणून गिरणीत बायका तशाच बसतात. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. ऐकणारी माणसं तीन झाली एवढंच मोजलं आणि घसा साफ केला.

मी दिगंबर फुटाणे. धंदा रेडिओ दुरुस्तीचा, मग टीव्हीचा, मग कॉम्प्युटरचा. पण यंत्रं दुरुस्त करणारे गावात दहा असतात. यंत्राची गोष्ट सांगणारा मी एकटा होतो. रेडिओत शिरलेल्या सापानं बरोबर सहा वाजता बातम्या लावल्याचं मी अशा थाटात सांगायचो की ऐकणारा घरी जाऊन आपल्या रेडिओच्या मागं बॅटरी मारून बघायचा. ती गोष्ट खोटी होती. कुलपाची मात्र खरी. निदान निम्मी.

गोष्ट त्या गुरुवारच्याही नऊ वर्षं आधीची. बियाण्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत वाघचौरे बाईंची ‘सोबत’ नावाची संस्था होती. बाई म्हणजे कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की भर बाजारात हाक मारली तर चाळिशीतल्या बायकासुद्धा ओळीत उभ्या राहतील. जातीबाहेर लग्न करून घर सोडलेली पोरंपोरी बाईंकडे यायची. बाई त्यांचं लग्न नोंदवून द्यायच्या, आणि मग लांबच्या एखाद्या गावात खोली बघून, काम बघून त्यांना तिथं पोचवायच्या. कोण कुठं राहायला गेलं, हे एका वहीत. वही बाईंच्या पिशवीत. एकदा एका मुलीच्या मामानं रस्त्यातच त्या पिशवीला हात घातला. वही वाचली. बाई तडक माझ्या दुकानात आल्या.

“फुटाणे, या वहीत एकोणतीस जोडपी आहेत,” त्या म्हणाल्या. “यातलं एक पान बाहेर गेलं तर मला तेराव्याला जावं लागेल. मला कुलूप पाहिजे.”

बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं संस्थेला लॅपटॉप दिला होता. वहीतली सगळी नावं, पत्ते त्यात गेले. वही बाईंनी माझ्यासमोर बंबात घातली. आणि मी कुलूप लावलं.

“साधा पासवर्ड नव्हे हां,” मी लतीफभाईंकडे बोट रोखून म्हणालो. गोष्टीच्या या जागेवर मी नेहमीच बोट रोखायचो. साधा पासवर्ड म्हणजे गिरणीच्या दाराला लावलेलं कुलूप. चोरानं दार फोडलं की आत डबे आहेतच, आणि डब्यात गहू आहेतच. लॅपटॉपच्या पोटात एक डिस्क असते. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की दाराचं कुलूप बघायचीही गरज नाही. मी काय केलं, तर डब्यातल्या गव्हांचंच पीठ करून टाकलं. अख्ख्या डिस्कचं. आता न्या डबा उचलून, ओता दुसऱ्याच्या गिरणीत, हाताला पीठच लागणार. त्या पिठाचे पुन्हा अख्खे गहू करायची विद्या एकाच गोष्टीत, किल्लीत. आणि किल्ली म्हणजे पंचेचाळीस अक्षरांचा पासवर्ड.

“आणि किल्ली लावल्यावर?” आतल्या बाईनं विचारलं.

मला प्रश्न आवडला. “लावल्यावर अख्खे गहू. समोर बसेल त्याला दिसतील असे. म्हणून तर काम झालं की यंत्र पूर्ण बंद करायचं. झाकण नुसतं मिटलं तर ते झोपतं, बंद होत नाही, आणि किल्ली आतच राहते. यंत्र विझलं तर कुलूप. चालू आहे तोवर माझं कुलूप असून नसल्यासारखं. हे मी बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.”

“बजावलं होतं,” ती म्हणाली.

हे मी खरंच बजावलं होतं. बाईंना, आणि संस्थेत कामाला असलेल्या एका बाईला. गिरणीत सांगताना मी तिचं नाव घेत नसे. ‘होती एक, नाव कशाला घ्यायचं,’ असं म्हणायचो, आणि ऐकणाऱ्यांना माझ्या मोठ्या मनाचं कौतुक वाटायचं. इथं घेतो. छबू. नवऱ्यानं टाकलेली, बाईंकडे स्वयंपाकाला म्हणून आली आणि दोन वर्षांत संस्थेचं कपाट, फोन, पोरींचे पत्ते, सगळं तिच्या हाताखाली गेलं. पासवर्डाचे बाईंनी दोन तुकडे केले होते. पहिला अर्धा त्यांना ठाऊक, दुसरा छबूला. बाईंनी आपला टाकायचा, छबूनं तोंड भिंतीकडे करायचं. मग छबूनं आपला टाकायचा, बाईंनी खिडकीबाहेर बघायचं. मी एकदा म्हटलं, बाई, हे वरमाला घालताना अंतरपाट धरल्यासारखं दिसतं. बाई हसल्या नाहीत.

आणि संध्याकाळी बंद करायचं काम छबूचं. बटण दाबून ती निघून जात नसे. यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवून उभी राहायची, आतल्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा हात. मगच कपाटात.

“आता पूनमवर या काका,” येडगे म्हणाला. “पूनमचं सांगता तेव्हा बरं सांगता.”

पूनम आली जूनमध्ये. मराठवाड्यातल्या एका गावची, मोठ्या घरातली. बरोबर समाधान. हा त्याच गावातला, पण वेशीपलीकडच्या वस्तीतला. मोटारसायकलवर शंभर किलोमीटर आले होते आणि तिच्या पायात चप्पल नव्हती. बाईंनी आधी चप्पल आणायला छबूला धाडलं, मग नावं विचारली. महिन्याभरात दोघं इचलकरंजीला. समाधान यंत्रमागावर लागला. दर शनिवारी पूनमचा फोन यायचा, आणि बाई फोन ठेवल्यावर नेहमी एकच गोष्ट सांगायच्या, की मागे माग वाजत होते, पोरगी ओरडून बोलत होती, आनंदात आहे.

पूनमचा भाऊ धनराज. तो एकदा संस्थेत येऊन नीट बसून पाणी पिऊन गेला होता. बहिणीला आई बघायची आहे एवढंच म्हणाला. बाईंनी सांगितलं, आम्हाला ठाऊक नाही. तो म्हणाला, बरं, आणि जाताना कपाटाकडे बघून गेला.

श्रावणात एका दुपारी कपाट फोडून लॅपटॉप नेला.

इथून माझी गोष्ट रंगायची. लॅपटॉप गेला तो पुण्याला. पुण्याच्या इंजिनियरनं पोट फाडून डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला लावली. हाताला पीठ. तिथून हैदराबादला. तिथं सात यंत्रं एकाला एक जोडून रात्रंदिवस पासवर्ड घालत बसवली, वर चार पंखे, तरी त्यातली तीन जळाली. सात यंत्रं थकली, माणसं थकली, आणि अकरा महिन्यांनी—

“मागच्या वेळी दोनच महिने होते,” येडगे म्हणाला.

“आणि श्रावणात गेला, नवरात्रात तर परत होता,” लतीफभाई म्हणाले. “अकरा महिने बसवले कुठं?”

“त्या वर्षी अधिक महिना होता.”

“नऊ?”

सगळे हसले. मीही हसलो. गोष्ट सांगणाऱ्यानं अधूनमधून पकडलं जावं, त्यानं ऐकणाऱ्याचा मोठ्या खोट्यावरचा पहारा सैल पडतो. मी आवाज खाली आणला आणि शेवटचा मसाला टाकला. लॅपटॉप परत आला तो गोणपाटात गुंडाळून संस्थेच्या पायरीवर, आणि आत चिठ्ठी. ज्यानं हे कुलूप लावलं त्याला हैदराबादहून साष्टांग नमस्कार.

“चिठ्ठी नव्हती,” आतली बाई म्हणाली.

येडगेनं मान वळवली. मी पण.

“भंगारवाल्याच्या पोत्यात सापडला. पोलिसांनी आणून दिला. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती.” ती शांतपणे बोलत होती, दळणाचा नंबर सांगावा तशी. “उघडला नव्हता एवढं खरं.”

“सापडले काका,” लतीफभाईंनी मांडीवर थाप मारली.

आवाज कुठं तरी ऐकलेला वाटला, पण ओढणीतून येणारा आवाज कुणाचाही वाटतो. मी म्हटलं, बाई, चिठ्ठी असायला हवी होती, नव्हती ही त्या इंजिनियरची चूक, माझी नव्हे. त्यावर लोक पुन्हा हसले. ती हसली की नाही ते ओढणीमुळे कळलं नाही.

“सांगा पुढं,” ती म्हणाली.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. वीज आली असती, मी माझा डबा घेऊन घरी गेलो असतो. पण निम्म्यावर आलेली गोष्ट सोडून उठणं मला कधी जमलेलं नाही.

पुढचं मी नेहमी घाईनं सांगायचो. लॅपटॉप परत आल्यावर मी तो पुसून काढला, तशाच कुलपात जपून ठेवलेल्या प्रतीवरून नावं पुन्हा भरली, पुन्हा तेच कुलूप लावलं. नवरात्र आलं, गेलं. दसऱ्यानंतर नवव्या दिवशी धनराज आणि आणखी तिघं इचलकरंजीत त्या खोलीच्या दारात उभे होते. नुसतं गाव माहीत असून चालत नाही अशी ती जागा. कारखान्याच्या मागं बोळ, बोळात जिना, जिन्यावर तिसरं दार. बरोबर तिसरं दार वाजवलं त्यांनी. समाधान पाळी सुटून येत होता, त्याला बोळाच्या तोंडाशीच धरलं. तो तिसऱ्या दिवशी कालव्यात सापडला. पूनमला घेऊन गेले. तो शनिवार कोरडा गेला, मग पुढचा. बाई फोनसमोर बसून असायच्या.

गिरणीत कुणी बोललं नाही. इथं कधीच कुणी बोलत नसे. ही शांतता मी दर वेळी थोडी लांबवायचो, हे मला आता सांगायला हवं.

“मग?” लतीफभाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“मग बाईंनी मला बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच. बाई, ती दुसरी आणि मी. बाईंनी एकच विचारलं, फुटाणे, तुमचं कुलूप फुटलं का? मी यंत्र उघडून, तासभर तपासून सांगितलं. बाई, कुलूप शाबूत आहे. ते फुटलेलं नाही, फुटू शकत नाही. ते फक्त किल्लीनं उघडतं, आणि किल्ली या खोलीबाहेर कुणाकडे नाही.”

“आणि त्या दुसरीनं अर्धी किल्ली बाईंच्या बोटांवरून चोरली होती,” येडगेनं वाक्य पुरं केलं. त्याला गोष्ट खरंच पाठ झाली होती.

“असं मी कुणाच्या तोंडावर म्हटलं नाही,” मी म्हणालो. “मी फक्त कुलपाचं सांगितलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मी नाही सांगितलं. दोनदा म्हणाली. संध्याकाळी गेली. घरातलं माणूस फिरलं तर कुठलं कुलूप पुरणार? तेवढं सोडलं तर माझ्या कुलपासारखं कुलूप या जिल्ह्यात—”

“खंडेनवमी राहिली,” आतली बाई म्हणाली.

“काय?”

“नवरात्र आलं, गेलं म्हणालात. मधे खंडेनवमी होती. ती सांगा.”

तिनं ओढणी हनुवटीखाली ओढली. कपाळावरचे केस पांढरे झाले होते, आणि उजव्या भुवईवरचा तो जुना व्रण तिथंच होता, चुलीवरचं झाकण उडून लागलेला. तिच्या पायाशी डबा होता. इतका वेळ मी तो पाहिलाच नव्हता. त्यावर नाव नव्हतं.

“छबू,” मी म्हणालो. “तू कधी आलीस?”

“सांगा ना काका. लोक थांबलेत.”

मी येडगेला म्हटलं, वीज कधी येते बघ जरा. येडगे जागचा हलला नाही.

“मग मी सांगते,” छबू म्हणाली. ती मला नव्हे, लतीफभाईंना सांगू लागली, कारण ते सगळ्यांत वयस्कर होते. “बाई दरवर्षी खंडेनवमीला वहीची पूजा करायच्या. त्या वर्षी वही नव्हती, म्हणून लॅपटॉप मांडायचा ठरला. सुतार करवत मांडतो, शिंपी कातर, तसा. चौरंग, रांगोळी, झेंडू. बाईंनी आणि मी पासवर्ड टाकला. यांनी पडद्यावर पाटीवरची सरस्वती आणली. छान दिसत होती. पण दर पाच मिनिटांनी पडदा काळा पडायचा आणि परत पासवर्ड मागायचा. बाईंनी अर्धा टाकायचा, मी भिंतीकडे बघायचं. मी अर्धा टाकायचा, बाईंनी खिडकीकडे बघायचं. दोनदा झालं. आरतीला माणसं जमलेली. मी म्हटलं, काका, बंद करून ठेवू का? नुसत्या यंत्राला हळदकुंकू लावू.”

ती थांबली. मला वाटतं मला बोलायला जागा देत होती.

“हे म्हणाले, विझलेल्या हत्याराची कुणी पूजा करतं का? आणि यंत्रात शिरून कसलीतरी दोन बटणं दाबली. त्यानंतर पडदा काळा पडला नाही. पासवर्ड मागितला नाही. त्या दिवशी नाही, रात्री नाही. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत, म्हणून मी हात लावला नाही. रोज लावायची. त्या एका दिवशी नाही लावला.”

“म्हणजे ते दिवसभर...” येडगेनं जात्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “अख्खे गहू.”

कुणी हसलं नाही. वास्तविक येडगेनं माझंच वाक्य मला परत दिलं होतं.

“छबू, पूजेला घरचीच माणसं होती,” मी म्हणालो. “शेजारचे. बाईंच्या विद्यार्थिनी. यंत्राला कुणी शिवलं नाही.”

हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं काय होतं ते छबूला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांच्या आधी मी गेलो होतो. लॅपटॉपच्या बाजूला जिथं पेनड्राइव्ह लावायची खाच असते, तिथं ठेवलेलं झेंडूचं फूल खाली चौरंगावर पडलेलं, आणि खाचेपाशी कुंकू ओढल्यासारखं फासलेलं. मी फूल उचलून पुन्हा तिथं ठेवलं. कुंकू रुमालानं पुसलं. तेव्हा मला वाटलं, उंदीर असेल. पंधरा दिवसांनी बाईंनी विचारलं तेव्हा मला उंदीर वाटला नव्हता.

“एक पाहुणा होता,” छबू म्हणाली. “पांढऱ्या सफारीतला. खालच्या बियाण्यांच्या दुकानात आलो होतो, वर आरती ऐकू आली म्हणून आलो, असं म्हणाला. पेढे आणले होते. मी त्याला शिरा वाढला. दुसऱ्यांदा वाढायला गेले तर तो यांच्यासमोर मांडी घालून बसलेला.”

तो मला चांगला आठवतो. असा ऐकणारा मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. जिथं डोळे मोठे करायचे तिथं करायचा, जिथं ‘अरे बापरे’ म्हणायचं तिथं हळूच म्हणायचा. मी त्याला पिठाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं. तेव्हा हैदराबाद नव्हतं गोष्टीत, चिठ्ठीही नव्हती. त्याच्यासाठी म्हणून मी ती चिठ्ठी तिथल्या तिथं रचली.

“त्यानं यांना विचारलं, आत्ता पण कुलूप लागलेलं आहे का,” छबू सांगत होती. “मी शिऱ्याचं पातेलं घेऊन मागे उभी. हे म्हणाले, आत्ता कसं असेल, कुलूप लागलं असतं तर सरस्वती दिसली असती का? तो पण हसला. मग आत पानं मांडली, सगळे जेवायला उठले. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी नमस्कार करून येतो.”

लतीफभाईंनी पोत्यावरून उठून आपला डबा रांगेतून बाजूला घेतला, का ते त्यांनाही ठाऊक नसावं, आणि पुन्हा जागेवर ठेवला.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?” येडगेनं तिला विचारलं. चांगल्या मनानं विचारलं.

“मला कळत होतं का? मला यांनी सांगितलेलं, कुलूप आहे. मला वाटलं, सरस्वती आहे म्हणजे तिच्या मागं कुलूप आहे. बाईंनी विचारलं, तेव्हा मी आठवून आठवून बघितलं, झोपेत बडबडले का, फोनवर कुणाला अर्धी अक्षरं बोलले का. वर्षभर मला वाटत होतं, माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल. आता परंड्याला सेतू केंद्रात दाखले काढते. पहिल्या दिवशी तिथल्या पोरीनं शिकवलं, मावशी, खुर्चीवरून उठताना पडदा बंद करायचा, नाहीतर कुलूप कसलंही असू दे, सगळं उघडंच. मी त्या दिवशी जेवले नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“मला नव्हतं कळत. तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आत्ताच सांगितलंत ना सगळ्यांना, चालू आहे तोवर असून नसल्यासारखं.”

मी म्हणालो की मी बाईंना खोटं काही सांगितलं नाही. कुलूप शाबूत होतं. ते फुटलं नव्हतं. यातला शब्द न् शब्द खरा होता, आजही आहे, कुठल्याही इंजिनियरला विचारा.

“खरा होता,” छबू म्हणाली. “त्या खऱ्यावर बाईंनी मला बाहेर काढलं. बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी आले होते. त्यांच्या भाचीनं पायरीवरूनच परत पाठवलं. म्हणाली, मावशी जाईपर्यंत तुझं नाव घेत नव्हती. तुम्ही होता तिथं, आतल्या खोलीत. लोकांना काहीतरी सांगत बसला होता.”

मी कुलपाचीच गोष्ट सांगत होतो.

तेवढ्यात वीज आली. वरचा बल्ब लागला आणि चाळणीवरचं पीठ, तिचे केस, माझे हात, सगळं एकदम उजेडात आलं. येडगेचा हात खटक्यापाशी होता. त्यानं तो दाबला नाही.

छबूनं डबा उचलला. तो रिकामा आहे हे तिच्या हाताला कसलंही वजन नाही यावरून मला कळलं. दळायला ती आलीच नव्हती. दारात जाऊन ती वळली.

“मी नाही सांगितलं, असं मी बाईंना म्हटलं, माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही,” ती म्हणाली. “त्या सफारीवाल्यासमोर तुम्ही अशीच मांडी घातली होती, काका. सुरुवातही हीच. आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.”

लतीफभाईंनी पाय आखडून तिला वाट दिली.

“त्याचा बसला.”